गावात काम अन् आधार देणारी सहकारी संस्था कशी सुरू करायची
आधी ऑफिसात धावू नका, घरोघरी जा. एकल बाया, दिव्यांग पोरं, एकटे म्हातारे, कोणाले काय जमते अन् कोणाले कोणाचा आधार लागते हे वहीत लिहा, कारण एखादी बाई डाळ करायले आली तर तिच्या आजारी सासूले दुपारी कोण पाहीन हेही तेव्हाच ठरवा लागते, मी तर म्हणतो हेच खरं काम आहे. मग वेगवेगळ्या कुटुंबातले किमान १० जण जमवा, महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात तसंच आहे, अन् तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडं, म्हणजे सहकार खात्यात संस्थेची नोंदणी करणाऱ्या साहेबाकडं, अर्ज टाका. इटलीत १९९१ च्या कायद्यानं काम देणाऱ्या अशा संस्थेत किमान ३० टक्के कामगार वंचित गटातले लागतात, आपण हे उपविधीत, म्हणजे संस्थेच्या लेखी नियमांत, स्वतःहून घाला. मजुरी आठवड्याले द्या, थकवू नका.