एसयूव्हीच्या मागच्या कॅमेऱ्यासाठी भोक पाडण्याआधी

ड्रिल हातात घेण्याआधी तीन वस्तू जमवा: मोजपट्टी, रंगकामाची कागदी चिकटपट्टी आणि साधारण ८० सेंटिमीटर उंचीची, सरळ उभी राहणारी कोणतीही वस्तू. उंच डबा चालेल, गुंडाळून बांधलेली चटईही चालेल. नुकतंच चालायला लागलेलं मूल जवळपास एवढंच असतं, आणि हा कॅमेरा सगळ्यांत आधी त्याच्यासाठी लावायचा आहे. एसयूव्हीची मागची काच इतकी उंच असते की बंपरला खेटून उभं असलेलं मूल आतल्या आरशात दिसत नाही, बाहेरच्या आरशांतही दिसत नाही. पार्किंगची सोय हा नंतरचा फायदा. तेव्हा कॅमेरा कुठे पटकन बसेल किंवा कुठे शोभेल हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ही वस्तू कुठून दिसते तेवढंच बघत चला.

पहिलं काम म्हणजे गाडीचं खरं मागचं टोक शोधणं. बहुतेक गाड्यांत ते बंपर असतं. पण मागच्या दरवाजावर स्टेपनी असेल, टोइंगचा हुक असेल किंवा सायकलींचा स्टँड कायम लावलेला असेल, तर भिंतीला आधी तेच लागणार. ते टोक स्क्रीनच्या तळाशी दिसायलाच हवं. ते दिसत नसेल तर पुढची वस्तू किती दूर आहे हे नजरेला मोजताच येत नाही, आणि अंतर व रुंदी कळावी म्हणून स्क्रीनवर दिसणाऱ्या रंगीत रेषांचाही काही उपयोग उरत नाही.

मग जागा. नंबरप्लेटच्या वरची खाच ही सगळ्यांची पहिली पसंती, आणि ती योग्यही आहे. तिथे उंची बेताची मिळते, वर पत्र्याचा आडोसा असतो आणि नंबरप्लेटच्या दिव्यांची वायरिंग हाताशी असल्यामुळे वायर आत न्यायची वाट बहुधा तयारच असते. फक्त कॅमेऱ्याने नंबरातलं एकही अक्षर झाकता कामा नये, आणि दिव्याचा झोत थेट लेन्सवर पडत नाही ना हे अंधारात बघून घ्यावं. मध्यभागी डिकीचं हँडल किंवा कुलूप आलं म्हणून कॅमेरा चार-पाच सेंटिमीटर बाजूला सरकवावा लागला तरी चालतं, त्याहून जास्त सरकवू नका. चित्र एका बाजूला कलतं आणि रेषा गाडीच्या खऱ्या रुंदीशी जुळत नाहीत.

बंपरमध्ये कॅमेरा बसवायचा मोह मी टाळायला सांगेन. इतक्या खालून जमीन चपटी दिसते, दोन मीटर आणि चार मीटर यांतला फरक कळत नाही, शिवाय चिखल आणि छोटे धक्के सगळ्यांत आधी तिथेच बसतात. उलट छताजवळ, स्पॉइलरखाली (मागच्या काचेवर पुढे आलेल्या पट्टीखाली) बसवलेला कॅमेरा जमीन छान पसरून दाखवतो, अंतराचा अंदाज सोपा होतो. मात्र तिथून लहान मूल म्हणजे फक्त डोक्याचा ठिपका, आणि कॅमेरा जास्त खाली वाकवला तर लांबून येणारी गाडी चित्रातून निसटते. स्टेपनी मध्यभागी असलेल्या गाडीत मात्र नंबरप्लेटवरचा कॅमेरा बहुतेक वेळा नुसता टायरच दाखवतो. तिथे चाकाच्या मधोमध बसणारा ब्रॅकेट किंवा छताजवळची जागा हेच दोन मार्ग. चाकावर बसवणार असाल तर वायरीत सुटा होणारा जोड हवाच, नाहीतर पंक्चरच्या वेळी आधी कॅमेरा उपटावा लागेल. काचेच्या आतून कॅमेरा लावण्याचा विचार सोडून द्या: टिंट, डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) रेघा आणि रात्रीची प्रतिबिंबं मिळून चित्र बिघडवतात.

यांतल्या शक्य वाटणाऱ्या दोन जागा ठरल्या की प्रत्येक ठिकाणी कॅमेरा चिकटपट्टीने तात्पुरता लावा, केबल खिडकीतून आत घ्या आणि डिकी बंद करून चालकाच्या जागेवर बसून चित्र बघा. ही पायरी कृपया गाळू नका. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण लावलेली, आणि मगच इग्निशन चालू करून रिव्हर्स गिअर टाका. मागे वस्तू हलवायला माणूस उभा असेल तर इंजिन अजिबात सुरू करायचं नाही.

किती दिसायला हवं याला एक चांगलं माप आहे. अमेरिकेत १ मे २०१८ पासून बनणाऱ्या मोटारी आणि इतर हलक्या वाहनांसाठी मागचं दृश्य दाखवण्याचा जो नियम लागू आहे, त्यात गाडीमागचा १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा दिसणं अपेक्षित आहे. तेवढा चौकोन जमिनीवर आखा आणि ती ८० सेंटिमीटरची वस्तू बंपरपासून एक फुटावर, मग दहा आणि वीस फुटांवर, दोन्ही कडांना ठेवून बघा. जवळचे कोपरे निसटत असतील तर आधी कोन बदला, मग उंची. अतिरुंद लेन्स कोपरे दाखवते खरी, पण वस्तू आहेत त्यापेक्षा लांब भासवते, म्हणून खोक्यावरच्या १७० अंशांच्या (लेन्स किती रुंद बघते त्या कोनाच्या) आकड्यावर केवळ भाळू नका. उजवीकडची वस्तू स्क्रीनवरही उजवीकडेच, म्हणजे आरशासारखी, दिसते ना हेही आत्ताच तपासा. बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठी बारीक वायरीचा एक वेढा कापायचा असतो. कोणता ते माहितीपत्रकात बघूनच कात्री चालवा.

उभ्या पाठीच्या गाडीमागे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि धूळ वर ओढून डिकीवर बसवते. त्यामुळे कोणतीही जागा कायम स्वच्छ राहणार नाही. एक्झॉस्टच्या बाजूची जागा टाळा आणि लेन्सपर्यंत फडकं सहज पोहोचेल असं बघा. कॅमेऱ्याच्या माहितीत आयपी ६७ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असेल, तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणं. जोरदार फवाऱ्याची हमी त्यात येत नाही, तेव्हा गाडी धुताना प्रेशरचा पाइप लेन्सवर धरू नका.

वायरची वाट जागेसोबतच ठरवा. ती डिकी आणि छत यांच्यामधल्या रबरी नळीतूनच जावी, डिकी पूर्ण उघडून सैलपणा तपासावा, आणि छताला धरणाऱ्या खांबांमध्ये पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर त्यांच्या वरून केबल कधीही नेऊ नये. वीज रिव्हर्स लाइटवरून घेतात. नव्या गाड्यांत तिथला पुरवठा तुटक असल्यामुळे चित्र लुकलुकत असेल तर रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा फिल्टर (पुरवठा सलग करणारा भाग) लागतो.

एवढं झालं की बॅटरीची ऋण तार सोडा आणि खूण केलेल्या ठिकाणी आधी बारीक भोक पाडून मग मोठं करा. उघड्या पडलेल्या पत्र्याच्या कडेला प्रायमर आणि रंग लावून वाळू द्या, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने वायर कापू न देणारी कडी) बसवा, त्यानंतरच वायर ओवा. भोक न पाडता दुहेरी फोम टेपवर बसवणार असाल तर जागा अल्कोहोलने पुसून घ्या आणि टेप पूर्ण धरेपर्यंत तीन दिवस गाडी धुऊ नका.