सबवूफरचा बेस घुमतोय? या चुका टाळा

बेस फार झाला की पहिला हात जातो सबवूफरच्या आवाजाच्या नॉबकडे. तो कमी केला तरी घुमणं राहतंच, वर गाण्यातला बाकीचा बेसही पातळ होतो. बहुतेक वेळा सगळाच बेस जास्त नसतो. खोलीच्या मापामुळे एक-दोन फ्रिक्वेन्सी फुगलेल्या असतात. 343 ला (हवेतला आवाजाचा वेग, मीटर प्रति सेकंद) खोलीच्या लांबीच्या (मीटरमध्ये) दुपटीने भागा: 4 मीटरच्या खोलीत उत्तर 43 हर्ट्झच्या आसपास येतं. नेमकी तीच नोट धमधमते.

त्यामुळे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जागा सोयीची म्हणून सबवूफर कोपऱ्यात ढकलणं. कोपऱ्यात खोलीचे सगळे अनुनाद (खोलीच्या मापामुळे फुगणाऱ्या फ्रिक्वेन्सी) एकदम चेतवले जातात. योग्य जागा शोधायला सबवूफर तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसची एकसारखी चाल असलेलं गाणं लावा आणि भिंतींच्या कडेने कान जमिनीजवळ ठेवून फिरा. जिथे प्रत्येक नोट सारख्याच जोराने ऐकू येते, तिथे सबवूफर ठेवा. अर्धा मीटर सरकवला तरी फरक कळतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण फुकटात याहून मोठी सुधारणा होत नाही.

मग सेटिंग. रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) स्पीकर 'स्मॉल', म्हणजे खालचा बेस सबवूफरकडे, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झ ठेवून सुरुवात करा. सबवूफरवरचा क्रॉसओव्हर नॉब अशा वेळी सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवायचा, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात. रिसीव्हरमधलं 'एलएफई प्लस मेन' हे सेटिंग चालू असेल तर तोच बेस सबवूफरसोबत मुख्य स्पीकरमधूनही येतो. ते बंद करा.

सबवूफरवरचा फेजचा स्विच (सबवूफर आणि स्पीकरच्या लहरी जुळवणारा) 0 आणि 180 वर आलटून पालटून बघा. ज्या बाजूला बेस भरीव लागतो ती ठेवा आणि मग गेन (सबवूफरच्या आवाजाचा नॉब) उतरवा. बेस कमी हवा म्हणून पातळ लागणारी बाजू निवडू नका, तिथे क्रॉसओव्हरजवळ खड्डा पडतो, म्हणजे तेवढा आवाज दबतो.

भिंतीवर पातळ फोम चिकटवून काही होत नाही. 43 हर्ट्झची लहर जवळजवळ 8 मीटर लांब असते, 5 सेंटिमीटरचा फोम तिला अडवणार कसा? खाली रबरी पॅड दिले तर फरशीची थरथर आणि कपाटांचा खडखडाट कमी होतो, खोलीतलं घुमणं नाही.

एवढं करूनही एखादी नोट उरलीच, तर इक्वलायझरने तेवढंच शिखर अरुंद पट्ट्यात 4 ते 6 डेसिबल खाली घ्या. खड्डे मात्र वर उचलू नका. अॅम्प्लिफायर दमतो आणि खड्डा तसाच राहतो. सबवूफर हलवला की रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने आपोआप होणारी जुळणी) पुन्हा चालवायचं.