सहलीला घरचे खाणे नेताना या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांना सुट्टी असल्यामुळे घरोघरी बॅगा भरल्या जातात. चौघांच्या कुटुंबाने दोन्ही वेळा बाहेर जेवायचे ठरवले आणि एका थाळीला १५० रुपये धरले, तरी चार दिवसांत जेवणावर ४,८०० रुपये खर्च होतात. चहा, नाश्ता आणि मुलांचे मधल्या वेळचे खाणे यांत धरलेले नाही. म्हणून घरचे खाणे सोबत नेण्याचा विचार योग्यच आहे. मात्र नेलेले अन्न शेवटपर्यंत खाल्ले गेले, तरच त्यातून बचत होते. दुसऱ्या दिवशी आंबलेली भाजी टाकून पुन्हा हॉटेलात बसावे लागले, तर किराण्याचे, गॅसचे आणि थाळीचे असे तिन्ही ठिकाणचे पैसे जातात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: कोणता पदार्थ किती तास टिकेल आणि तो कोणत्या जेवणाला लागेल, याचा हिशोब न करता डबे भरले जातात.

जेवणे न मोजता पदार्थ करणे

निघण्याच्या आदल्या दिवशी परातभर पुऱ्या, दोन प्रकारच्या भाज्या आणि डबाभर लाडू करायचे, आणि मग ते कधी संपतील ते पाहायचे, ही सर्वांत महागात पडणारी पद्धत आहे. त्याऐवजी आधी एका कागदावर प्रवासातील जेवणे लिहावीत आणि प्रत्येकासमोर ते कुठे होणार हे लिहावे. मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापुरातून जेवणाची वेळ उलटल्यावर सुटते आणि सकाळी पोहोचते. तेव्हा त्या प्रवासासाठी रात्रीचा डबा लागतच नाही, सकाळचे थोडे खाणे पुरते. अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद मिळतो आणि तिरुमलेला वेंगमांबा अन्नप्रसाद केंद्रात भाविकांना मोफत जेवण असते, त्यामुळे तेथील जेवणांसाठी घरून काही नेणे म्हणजे ओझे वाहणे होय. बऱ्याच रेल्वे स्थानकांवर पुरी-भाजीचे जनता खाणे २० रुपयांत मिळते. तेवढ्या पैशांत घरीही फार मोठी बचत होत नाही.

घरचे खाणे खरे उपयोगी पडते ते दोन ठिकाणांच्या मधल्या जेवणांना. दुपारी एक वाजता गाडी महामार्गावर असते, मुले भुकेली असतात आणि समोर दिसेल त्या ढाब्यावर थांबण्यावाचून इलाज नसतो, तिथे सर्वाधिक पैसे जातात. कागदावर अशीच जेवणे उरली की डबे निम्मे होतात. पाण्याचेही तसेच आहे. उन्हाळ्यात चार माणसांना दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी सहज लागते, आणि घरून भरलेला पाच लिटरचा कॅन तसेच मुक्कामी तो पुन्हा भरून घेण्याची सवय यांतून वाचणारी रक्कम अनेकांच्या लक्षातही येत नाही.

ओला पदार्थ उशिरासाठी राखून ठेवणे

अन्न किती टिकेल हे मुख्यतः त्यातील पाण्यावर ठरते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि शिजवलेले ओले अन्न दोन तासांपेक्षा जास्त, किंवा हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त, बाहेर ठेवू नये असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा एक तास घर ते स्टेशन एवढ्यातच संपतो. बटाट्याची भाजी, उसळ, कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि भात हे सगळे पदार्थ या नियमाखाली येतात, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की मे महिन्यात ते डब्यात भरूच नयेत.

भाताविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण दहीभात हा प्रवासाचा हमखास पदार्थ समजला जातो. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातील एक विष असे आहे की भात पुन्हा गरम केला तरी ते नष्ट होत नाही. विटलेल्या भाताला नेहमीच वास येतो असेही नाही. म्हणून दहीभात न्यायचाच असेल, तर भात पसरट ताटात लवकर निववून, थंडगार दही घालून, बर्फाच्या पिशवीसोबत न्यावा आणि निघाल्यानंतरच्या पहिल्याच खाण्यात संपवावा. रात्रीसाठी तो ठेवू नये.

मग न्यायचे काय, याचे उत्तर आपल्याकडच्या स्वयंपाकात पूर्वीपासून आहे, फक्त त्याचा क्रम नीट लावावा लागतो. काकडी किंवा कांदा घातलेले धपाटे त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवावेत. तेच धपाटे कांदा-काकडी न घालता, नुसते तिखट, तीळ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून केले तर रात्रीपर्यंत चांगले राहतात. दुधात भिजवलेली दशमी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दुसऱ्या दिवसाच्या जेवणाला ठेवाव्यात. शेंगापोळी, कडक भाकरी, पातळ पोह्यांचा चिवडा, भाजणीच्या कोरड्या चकल्या आणि बेसनाचे लाडू यांची पाळी त्यानंतर यावी. प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. गाडी सुटताच मुले चिवड्याचा डबा उघडतात आणि धपाटे संध्याकाळी आठवतात. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून ‘मंगळवार दुपार’, ‘बुधवार सकाळ’ असे लिहावे आणि पहिले डबे पिशवीत वर ठेवावेत, म्हणजे हा घोळ होत नाही.

गरम असतानाच झाकण लावणे

पहाटे घाईघाईत पोळ्या लाटल्या जातात, तव्यावरून थेट डब्यात पडतात आणि झाकण घट्ट बसते. वाफ आतच राहते, झाकणाला लागून थेंब होऊन खाली ठिबकते, आणि वरच्या दोन पोळ्या दुपारपर्यंत ओलसर, चिकट होतात. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पराठ्यांचेही तेच होते. वरून ते छान दिसतात, पण आतली घडी घामेजलेली असते. भाजलेला प्रत्येक पदार्थ जाळीवर किंवा सुती फडक्यावर सुटा पसरून पूर्ण निववावा आणि हाताच्या पाठीला अजिबात ऊब लागत नाही याची खात्री करून मगच डब्यात भरावा. डब्याच्या तळाशी आणि वर कोरड्या सुती कापडाची घडी ठेवली, तर उरलासुरला ओलावा ती शोषून घेते. डबा स्वतः कोरडा आहे ना, हेही पाहावे, कारण धुतलेल्या डब्याच्या झाकणाच्या खाचेत आणि रबरी कड्यात पाणी राहते.

भरलेले डबे गाडीच्या डिकीत टाकणे ही याच्या पुढची चूक. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापते. डब्यांची पिशवी आपल्या पायाशी, सावलीत ठेवावी, आणि दर्शनाला किंवा किल्ला पाहायला गेल्यावर गाडी झाडाखाली उभी करावी.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी: टिकाऊ म्हणून दुर्लक्ष करणे

सोलापूरकराच्या पिशवीत या दोन गोष्टी असतातच, आणि त्या टिकतातच असे गृहीत धरल्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. कडक भाकरी टिकते, कारण तिच्यात पाणी जवळजवळ उरलेले नसते. ती घरी करायची असेल तर पीठ ताजे दळलेले घ्यावे; जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते आणि भाकरी पातळ थापताना कडेला चिरते. उकळत्या पाण्याने पीठ मळून, हात जाईल तितकी पातळ थापून, नेहमीसारखी भाजल्यानंतर ती मंद आचेवर कापडाच्या बोळ्याने दाबत राहावे. कडा लवकर कडक होतात, मध्यभाग मात्र मऊ राहतो, आणि घाई करणारे नेमके इथेच फसतात. निवल्यावर भाकरी मधोमध मोडून पाहावी. पापडासारखा टणत्कार होऊन तुकडा पडला, तर ती झाली. वाकून मग तुटली, तर आत ओल आहे आणि त्याच जागी पुढे बुरशी धरेल.

कडक भाकरी कोकणात किंवा गोव्यात नेताना एक अडचण येते, जी सोलापूरच्या कोरड्या हवेत कधीच जाणवत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत डबा एकदा उघडा राहिला की भाकरी सादळते. त्यामुळे सगळ्या भाकरी एकाच डब्यात न ठेवता प्रत्येक जेवणापुरत्या वेगळ्या पिशव्यांत बंद कराव्यात आणि लागेल तेवढीच पिशवी उघडावी.

शेंगाचटणीत ओलावा कमी असला, तरी शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते आणि ते उष्णतेने व उजेडाने खवट होते. पारदर्शक बरणी खिडकीशी ठेवू नये. चटणी बरेच दिवस पुरवायची असेल तर लसूण कच्चा न घालता तेलात कुरकुरीत तळून किंवा भाजून कुटावा, कारण कच्च्या लसणाचा ओलावा चटणीत उतरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओला किंवा उष्टा चमचा बरणीत जाऊ देऊ नये. रोजच्यापुरती चटणी छोट्या डबीत काढून घ्यावी आणि तेल किंवा दही त्या डबीतच घालावे. शेंगदाणे निवडतानाच काळपट, सुरकुतलेले आणि कडू दाणे काढून टाकावेत. ओल लागलेल्या दाण्यांवरील बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करू शकते आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही.

गाडीत शिजवण्याची तयारी ठेवणे

पैसे वाचवण्याच्या नादात काही जण छोटा गॅस किंवा स्टोव्ह सामानात ठेवतात. रेल्वेत ज्वलनशील पदार्थ नेणे हा गुन्हा आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. यात कसलीही सूट मागू नये. डब्यातील प्लग मोबाइल आणि लॅपटॉपसाठी असतात, त्यांवर किटली लावणेही तितकेच चुकीचे आहे.

गरम खाणे हवेच असेल, तर ते मुक्कामी करता येते. घरी रवा खमंग भाजून, त्यात मोहरी, उडीद डाळ आणि कुरकुरीत झालेला कढीपत्ता यांची फोडणी, मीठ, साखर व थोडे लिंबूफूल मिसळावे. निवल्यावर ते कोरड्या डब्यात भरावे. लॉजच्या माणसाकडून किंवा चहावाल्याकडून दुप्पट उकळते पाणी घेऊन, झाकून दहा मिनिटे ठेवले की उपमा होतो. खोलीत बाहेरचे अन्न किंवा किटली चालते का, हे मात्र आरक्षण करतानाच विचारावे.

विमानाने जाणाऱ्यांनी मिरचीचे लोणचे हातातील पिशवीत ठेवू नये आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवाव्यात. तपासणीत त्या काढून घेतल्या जातात.

वाटेत काही बिघडले तर

भाकरी किंवा चकली नुसती सादळली असेल, वास आणि चव नेहमीची असेल आणि कुठेही डाग नसेल, तर ती मुक्कामी कोरड्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा कडक करून खाता येते. पोळी किंवा दशमी तोडताना तार सुटत असेल, बोटांना बुळबुळीत लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर ती चाखूनही पाहू नये. बुरशीचा एक ठिपका दिसला की तेवढाच भाग काढून बाकीचे खाण्याची सवय घातक आहे, कारण मऊ पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. तो पदार्थ आणि त्याला चिकटून असलेले सगळे टाकावे. खवट चटणीला दह्यात कालवून चव झाकू नये. लोणच्याचे तेल सांडले असेल, तर बरणी पिशवीतून काढून कागदाने पुसावी आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून उभीच ठेवावी. तेलकट झालेला चिवडा त्याच दिवशी संपवावा.

एवढे करूनही कोणाचे पोट बिघडले, तर जुलाब लगेच बंद करणाऱ्या गोळ्यांच्या मागे न लागता शरीरातील पाणी आधी भरून काढावे. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावी. पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकलेली पुडी मुलांना अपाय करू शकते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा घ्यावा, आणि ते पाणी घोट-घोट देत राहावे. शौचातून रक्त पडत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा मूल सुस्त होऊन लघवी कमी झाली असेल, तर पुढचा प्रवास थांबवून जवळच्या डॉक्टरांकडे जावे.