घरी गीतमालेची संध्याकाळ कशी करायची (आणि आजी-आबांना बोलतं कसं करायचं)

घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं कोणी असेल आणि त्यांना नुसतं विचारलंत की रेडिओवरची बिनाका गीतमाला, म्हणजे हिंदी सिनेगीतांचा तो क्रमवारीचा कार्यक्रम, आठवते का, तर उत्तर येतं "हो तर, बुधवारी रात्री आठला, अमीन सयानी" (हे त्याचे निवेदक) आणि विषय तिथेच संपतो. त्यांना आठवत नाही असं अजिबात नाही, सगळं आठवत असतं, पण असं समोरून विचारलं की माणूस परीक्षेत विचारल्यासारखं तेवढंच उत्तर देतो. त्यांच्यासमोर खरीखुरी गीतमाला लावा, म्हणजे खालच्या नंबरपासून वर वर जाणारी, मधे निवेदन असलेली, आणि मग बघा काय काय बाहेर येतं. युट्युबवर जुनी गाणी शफल करून लावली तर हे होत नाही, कारण त्यात वाट बघणं नसतं, आणि गीतमाला म्हणजे निम्मी वाट बघणंच होतं.

आधी जो संध्याकाळ घेणारे त्याने थोडी माहिती करून घ्यावी, नाहीतर आजी काहीतरी सांगतील आणि तुम्हाला पुढचा प्रश्नच सुचणार नाही. गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ ला, रेडिओ सिलोनवरून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून. आपल्या आकाशवाणीवरून का नाही, तर तेव्हा नभोवाणी मंत्री होते बा. वि. केसकर आणि त्यांना सिनेसंगीत हलकं वाटायचं, आकाशवाणीवर ते जवळपास बंदच झालं होतं, त्यामुळे लोकांनी सरळ रेडिओची सुई कोलंबोकडे वळवली. गंमत म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा आपल्या मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हवर परत आपल्याकडे यायची. प्रायोजक सिबा कंपनी, त्यांची बिनाका टूथपेस्ट. सुरुवातीला नुसती सात गाणी असायची, क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा आणि बक्षीस मिळवायचं, तर पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. एवढी पत्रं वाचणार कोण, म्हणून १९५४ पासून क्रमवारीची पद्धत आली आणि पुढे सोळा गाण्यांची ती ओळखीची गीतमाला झाली. आकाशवाणीची विविध भारती १९५७ मध्ये आली तरी लोकांनी सिलोन सोडलं नाही. १९८९ मध्ये गीतमालाच विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. बस, एवढं डोक्यात असलं तरी पुरे.

आता गाणी. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की "जुनी गाणी" असं करू नका, एक वर्ष पकडा. ज्यांच्यासाठी करताय ते पंधरा ते वीस वर्षांचे असतील ते वर्ष. गीतमालेच्या वार्षिक याद्या नेटवर सहज मिळतात, १९५३ ला 'अनारकली'मधलं 'ये ज़िंदगी उसी की है' पहिलं होतं, १९६६ ला 'बहारों फूल बरसाओ', १९६७ ला 'सावन का महीना', १९७२ ला 'दम मारो दम'. त्यातली आठ-दहा गाणी घ्या. सोळा घेऊ नका, मधे बोलणं होणार आहे आणि बोलण्यासाठीच तर हे सगळं चाललंय, आठ गाण्यांना दीड तास आरामात जातो.

क्रम मात्र घरच्यांनीच ठरवायचा. आठवडाभर आधी फॅमिली ग्रुपवर ती दहा गाणी टाका आणि प्रत्येकाला क्रम लावून पाठवायला सांगा, नागपूरची आत्या, दुबईचा मामा, सगळ्यांना. पहिल्या नंबरला दहा मार्क, दुसऱ्याला नऊ असं करत बेरीज करायची. खऱ्या गीतमालेतही रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांच्या फर्माइशी असं दोन्ही धरून क्रम लागायचा, तेव्हा तुम्ही मतं घेताय हे अगदी त्या परंपरेतलंच आहे. प्रत्येक गाण्याच्या आधी ते कोणी मागितलंय ते नावागावासकट वाचायचं. हे विसरू नका हां, रेडिओवरून आपल्या गावाचं नाव ऐकायला मिळणं ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती, झुमरी तलैया हे गाव अख्ख्या देशाला माहीत झालं ते निव्वळ तिथल्या लोकांच्या फर्माइशींमुळे.

निवेदन कोणी करायचं? माझं ठाम मत, घरातल्या बारा-पंधरा वर्षांच्या पोराला किंवा पोरीला द्या. लग्नात माईक हातात घेणाऱ्या काकांना नको. आणि अमीन सयानींची नक्कल अजिबात करायची नाही, नक्कल झाली की सगळे हसतात, टाळ्या वाजवतात आणि मोठी माणसं आपल्या आठवणीतून बाहेर येऊन प्रेक्षक होतात. त्यांच्याकडून आवाज नाही घ्यायचा, पद्धत घ्यायची. ते "बहनों और भाइयों" म्हणायचे, बहिणी आधी. भाषा एकदम सोपी, ना जड हिंदी ना जड उर्दू, आणि ते उगाच आलेलं नव्हतं, त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांमध्ये, साध्या हिंदुस्थानीत, आणि अमीनभाई लहानपणापासून त्या कामात हाताशी होते. शिवाय त्यांनी रेडिओची सुरुवात इंग्रजीतून केली होती, थोरले भाऊ हमीद सयानींच्या हाताखाली, हिंदी नंतर आली. तेव्हा तुमचं पोरगं इंग्रजी शाळेतलं असेल तर त्याला हे नक्की सांगा, त्याला धीर येईल.

निवेदन लिहून काढायचं पण वाचल्यासारखं वाचायचं नाही. एका गाण्याला चार वाक्यं बास: कोणी मागितलं, गायक कोण, संगीतकार कोण आणि हे गाणं खाली आलंय की वर चढलंय. शेवटच्या तीन गाण्यांना जरा ताणायचं, लगेच नाव सांगायचं नाही. गाण्याच्या नंबरला अमीनभाई "पायदान" म्हणायचे, तुम्हीही म्हणा, तो शब्द कानावर पडला की आजींचा चेहरा बघा. एखादं गाणं ठरलेल्या वेळा गीतमालेत वाजलं की ते सरताज व्हायचं आणि बिगुल वाजायचा, तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं आवडतं गाणं शेवटी सरताज म्हणून लावा, मार्क कितीही पडोत.

स्पीकर मोठा नको. सगळे जवळ बसतील इतपत आवाज ठेवा, पंखा बंद करा, श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी आधी बघून घ्या. घरात सारेगामा कारवां (जुनी गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा स्पीकर) असेल तर त्यात अमीनभाईंच्या आवाजातली गीतमालाच आहे, सुरुवातीला पाच मिनिटं ती ऐकवा आणि मग आपली सुरू करा.

गाणं संपलं की लगेच पुढचं लावू नका, थांबा. इथेच सगळं आहे. आणि प्रश्न विचारायचे ते गाण्याबद्दल नाही, खोलीबद्दल. रेडिओ कुठे ठेवलेला असायचा, आपला होता की शेजारी जायचात, ती जाळीच्या पट्टीची एरियल कुठून कुठे बांधली होती, सुई फिरवायचा हक्क कोणाचा, पोस्टात लायसन्सचे पैसे कोण भरायचं, बुधवारी जेवणं आठच्या आधी व्हायची की नंतर. माझ्या आत्याला "गीतमाला आवडायची का" विचारल्यावर ती नुसतं हो म्हणाली होती पण "तू कुठे बसायचीस" विचारल्यावर अख्खा वाडा बाहेर आला, समोरच्या बिऱ्हाडात रेडिओ, मुलींना आत बसायची परवानगी नाही म्हणून जिन्यावर बसणं, मांडीवर निवडायला घेतलेली मेथी म्हणजे कोणी बघितलं तर काम चाललंय असं दिसावं, आणि गणिताच्या वहीच्या मागे लिहिलेली दर आठवड्याची यादी, आवाज मधेच लाटेसारखा खाली गेला की एखादा नंबर हुकायचा मग दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीकडून तो भरून घ्यायचा. हे तिने तिच्या मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं, का तर कोणी विचारलंच नाही.

सगळ्यांच्या घरी रेडिओ होता असं धरून चालू नका. कित्येकांनी गीतमाला इराण्याच्या हॉटेलबाहेर नाहीतर पानाच्या टपरीपाशी उभं राहून ऐकलीय, काहींच्या घरी सिनेमाची गाणी चालायचीच नाहीत. त्यांना "कुठे कानावर पडायची" असं विचारा. वाद झाला, म्हणजे आबा म्हणतात अमुक गाणं पहिलं होतं आणि आजी म्हणतात तमुक, तर कृपा करून मोबाईल काढून निकाल लावू नका, वादात जेवढं आठवतं तेवढं शांतपणे विचारून कधी आठवत नाही. आणि एखाद्या गाण्याला कोणाच्या डोळ्यात पाणी आलं तर घाईने विषय बदलू नका, त्यांना ज्याची आठवण आली त्याच्याबद्दल बोलू द्या, संध्याकाळ तीन गाण्यांत संपली तरी चालेल.

रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी सांगून करा, लपवून नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकून टेबलावर घडी केलेल्या रुमालावर ठेवा म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत, जमलं तर दुसरा फोन आजींच्या जवळ. गाणं चालू असताना बोलणं सुरू झालं तर गाणं बंद करा, नंतर ऐकताना दोन्ही एकत्र असलं की काही कळत नाही. फाइलला नाव, गाव आणि वर्ष लगेच त्याच रात्री द्या, आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर. युट्युबवर टाकायचं असेल तर गाण्यांचा भाग कापून फक्त बोलणं ठेवा, नाहीतर कॉपीराइटमुळे व्हिडिओ अडकतो, आणि टाकायच्या आधी ज्यांचा आवाज आहे त्यांना एकदा पूर्ण ऐकवून विचारा, कारण बोलण्याच्या ओघात माणूस घरातलं बरंच काही बोलून जातो जे बाहेर जावं असं त्याला वाटत नसतं.