वाडीसाठी गाडी सुरू करायची असेल तर तिकीट छापू नका

"गाडी कुठनं आणायची?" गावातल्या बैठकीत बसलो की पहिला प्रश्न हाच येतो. मी चहा संपवतो आणि सांगतो, गाडीचं शेवटी बघू. एका वाडीत आमदारांच्या हस्ते नारळ फोडून आणलेली देणगीची जीप मी मारुतीच्या देवळामागे उभी पाहिली आहे. चारही टायर बसलेले, आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. ती जीप बिघडलेली नव्हती. डिझेल कोणी घालायचं हे ठरलं नव्हतं, एवढंच.

एसटीत ३१ वर्षं वाहक म्हणून काढली. निवृत्तीनंतर पाटण आणि जावळीच्या डोंगरी भागात वाड्यांना फाट्याशी जोडणाऱ्या पाच गाड्या उभ्या करायला हातभार लावला. पहिलीने मला अद्दल घडवली, पुढच्या चार नीट चालल्या.

आधी आगारात जा

ग्रामसभेचा ठराव घ्या, रोज जाणाऱ्या माणसांची यादी जोडा आणि आगार व्यवस्थापकांकडे फेरी मागा. ते भारमान, म्हणजे गाडीत किती सीट भरतील ते, विचारतील, गाडी वळायला जागा आहे का विचारतील, मोरीचा कठडा विचारतील. बहुतेक वेळा नकार मिळेल. तरीही अर्जाच्या पोचेवर शिक्का घ्याच, तो पुढे उपयोगी पडतो.

एसटी वाडीत आली नाही तरी तुमची गाडी तिच्याशी स्पर्धा करणारी नसावी. ७५ वर्षांपुढच्यांना एसटी फुकट आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे. या सवलती सोडून माणसांना थेट तालुक्यापर्यंत खाजगी गाडीने नेणं म्हणजे त्यांच्याच खिशाला कात्री. वाडी ते फाटा एवढंच अंतर तुमचं. वेळापत्रक फाट्यावरच्या एसटीला जुळवा, आणि एसटी येण्याआधी दहा मिनिटं गाडी फाट्यावर पोचली पाहिजे. पाच मिनिटं पुरत नाहीत, पावसाळ्यात तर नाहीच.

माणसं मोजा

एक आठवडा पहाटेपासून पारावर बसून वहीत लिहा: कोण, कुठे, किती वाजता. घरोघर "गाडी आली तर जाल का?" असं विचारत फिरू नका, सगळे हो म्हणतात.

वडापवाल्याला आधी भेटा

तुमच्या रस्त्यावर आधीच वडाप, म्हणजे सीट भरून नेणारी खाजगी जीप, चालत असेल. त्याला वगळून काही केलंत तर पहिल्याच महिन्यात कुठूनतरी तक्रार जाईल, किंवा रस्त्यात खिळे सापडतील. त्यापेक्षा त्याचीच गाडी भाड्याने घ्या. त्याला रस्ता माहीत आहे, घाटात कुठे धुकं उतरतं ते माहीत आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवायची सवयही असते. फक्त गाडी पिवळ्या पाटीची हवी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन माणसं नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. यावर मी कोणाशी वाद घालत नाही. पांढरी पाटी असेल तर मी बैठकीतून उठतो.

पैसे कोणी कोणाला द्यायचे

आता मुख्य गोष्ट. इथेच मी आपटलो.

पहिली गाडी सुरू केली तेव्हा मला वाटलं, माझ्याइतकं हे काम कोणाला कळणार? आयुष्यभर तिकिटं फाडली. मग बाजारपेठेतल्या छापखान्यातून तिकिटांची पुस्तकं करून घेतली: क्रमांकासह, गुलाबी कागदावर, वर ग्रामविकास मंडळाचं नाव. वीस रुपये फाट्यापर्यंत, दहा मधल्या वस्तीपर्यंत. चालकाने तिकीट फाडायचं, संध्याकाळी पैसे माझ्याकडे. दोन महिने छान चाललं.

मग एका सकाळी फाट्यावर परिवहन खात्याच्या वायुवेग पथकाने, म्हणजे फिरत्या तपासणी पथकाने, गाडी थांबवली. अधिकाऱ्याने कागद मागितले, परवाना पाहिला आणि डॅशबोर्डवरचं तिकिटाचं पुस्तक उचललं. पानं उलटली. स्थळप्रतींवर क्रमांक, तारीख, टप्पा, सगळं माझ्या शिस्तीत लिहिलेलं. "हे कोणी काढलं? कंडक्टर होता का कोणी?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हणूनच इतका नीट पुरावा दिलात." गाडी १९ दिवस जप्त राहिली. मुलांची सहामाही चालू होती. ती चालत गेली, आणि त्यांच्या आया माझ्या दारावरून जाताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

कायद्याचा भाग असा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे, सहापेक्षा जास्त प्रवासी बसणाऱ्या गाडीत प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेऊन, टप्प्याटप्प्याने चढवत-उतरवत नेलं की ती टप्पा वाहतूक होते. तिचा परवाना वेगळा, आणि आपल्याकडे ते क्षेत्र मुख्यतः एसटीचं. जीपवाल्याकडे असतो तो कंत्राटी वाहतुकीचा परवाना. त्यात अख्खी गाडी एका करारावर ठरलेल्या रकमेला घ्यायची असते, आणि करारात नसलेला माणूस वाटेत घ्यायचा नसतो. कारखान्यांच्या कामगारांच्या गाड्या याच रीतीने चालतात. विनापरवाना किंवा परवान्याच्या अटी मोडून गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दंडच दहा हजार आहे, शिवाय गाडी अडकते ती वेगळीच.

तेव्हा माझा नियम एकच: प्रवाशाने चालकाच्या हातात एक रुपयाही द्यायचा नाही. संस्था गाडीमालकाशी करार करते, महिन्याला ठरलेली रक्कम देते, सीट भरली काय न भरली काय. सभासद संस्थेकडे महिन्याची वर्गणी भरतात. सभासदांची यादी कराराला जोडलेली असते, दर महिन्याला नवी होते, आणि तिची प्रत गाडीत असते. वाटेत हात करणारा पाहुणा कितीही ओळखीचा असला तरी तो यादीत नाही. "आमच्या मेव्हण्याला तेवढं घ्या" हे वाक्य तुम्ही पहिल्या आठवड्यातच ऐकाल. नाही म्हणा. करार लिहून झाला की परिवहन कार्यालयात दाखवून घ्या, मगच सह्या करा.

यावर लोक म्हणतात, रिकाम्या सीटचे पैसे का द्यायचे? कारण तसं केलं नाही तर गाडी सीट भरेपर्यंत थांबते. वडापचं हेच तर दुखणं आहे. "दोन सीट येऊ द्या" म्हणत तो अर्धा तास काढतो आणि दहावीच्या मुलीचा पहिला तास जातो. गाडी वेळेवर सुटावी असं वाटत असेल तर मालकाचं पोट सीटवर अवलंबून ठेवू नका.

आता आकडे. आमच्या एका मार्गाचा हिशेब जसा मांडला होता तसाच देतो. वाडी ते फाटा ९ किलोमीटर, दिवसाला चार जाऊन-येऊन फेऱ्या, म्हणजे ७२ किलोमीटर. घाटात जीप लिटरला १२ देते, म्हणजे ६ लिटर. डिझेल ९२ रुपये धरलं तर रोजचे ५५२, आणि २६ दिवसांचे १४,३५२. चालक १३,०००. टायर-दुरुस्ती ४,०००. विमा, कर, फिटनेस यांचा महिन्याचा वाटा ५,०००. मालकाला ६,०००. एकूण ४२,३५२.

जमा बाजू अशी. सकाळच्या पहिल्या फेरीला १२ विद्यार्थी, ४०० प्रमाणे ४,८००. दुसऱ्या फेरीला रोज कामावर जाणारे सहा, ९०० प्रमाणे ५,४००. उरलेल्या सहा सीट बाजार-दवाखान्यासाठी: ६० घरं, घरटी २०० रुपये, महिन्यातून दोन वेळा जाऊन-येऊन, म्हणजे १२,०००. बेरीज २२,२००. तूट महिन्याला वीस हजार, वर्षाला दोन लाख चाळीस हजारांच्या वर.

म्हणजे गाडी भरून धावली तरी जवळजवळ निम्मी रक्कम बाहेरून यायला हवी. हा कागद मी पहिल्याच बैठकीत वाचून दाखवतो. काही जण उठून जातात. जाऊ देत. "भाड्यावरच सुटेल" असं म्हणणारा माणूस बहुतेक रोज मोटरसायकलने फिरणारा असतो.

आणि फुकट पास? कोणालाच नाही. सरपंचांना नाही, मला नाही, निराधार आजीलाही नाही. आजीचा पास कोणीतरी विकत घ्यायचा, आणि देणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं. फुकटची एक सीट दिली की महिन्याभरात अकरा होतात.

तूट कोण भरणार

मुंबईचं मंडळ. आमच्या भागात प्रत्येक गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे, आणि यात्रेच्या तमाशाला, देवळाच्या कळसाला तिथून वर्गणी येते. कळसाला जमते तशी आईच्या दवाखान्याच्या फेरीलाही जमते, फक्त मागायला मुंबईला जाऊन, त्यांच्या बैठकीत हिशेबाचा कागद समोर ठेवावा लागतो. फोनवर मागू नका. एका मंडळाने वर्षाला लाख रुपये दिले, अट एकच: दर तीन महिन्यांनी हिशेब व्हॉट्सअॅपवर.

मग बाजारपेठेतले दुकानदार आणि पतसंस्था. माणसं वेळेवर खाली उतरली तर त्यांचाच गल्ला भरतो, हे त्यांना आकड्यात सांगा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतात. दिव्यांग सभासदांचे पास त्यातून बसतात का, ते ग्रामसेवकाला ठराव घेऊन लेखी विचारा. शाळा लांब असलेल्या वस्तीतल्या मुलांना समग्र शिक्षा अभियानातून वाहतूक भत्ता असतो. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मागा, पण तो वेळेवर येईल असं धरून हिशेब मांडू नका. गाडी मुख्यतः शाळेसाठीच असेल तर २०११ चे शालेय बस नियम लागू होतात, ते वेगळे वाचा.

गरोदर बाईला नेण्याचं काम मात्र या गाडीच्या गळ्यात घालू नका. १०२ ची गाडी त्यासाठीच आहे. घरून दवाखान्यात आणि बाळंतपणानंतर परत घरी, दोन्ही मोफत. परतीचं अनेकांना माहीतच नसतं.

कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात हे खरं. पण एप्रिल २०२१ पासून तो घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि त्यासाठी आयकर खात्याकडच्या करसवलतीच्या नोंदण्या (१२ए, ८०जी सारख्या) आधी हव्यात. काल स्थापन झालेल्या मंडळाला तो मिळत नाही. तालुक्यातल्या जुन्या न्यासामार्फत जा. आणि एक सांगून ठेवतो: गाडीवर नाव लिहायला सगळे तयार असतात, डिझेलचं नाव काढलं की साहेब मीटिंगमध्ये असतात. गाडी देत असतील तर तीन वर्षांचा विमा आणि देखभालही पत्रात लिहून घ्या, नाहीतर नम्रपणे परत पाठवा. कोंबडीची जीप आठवा.

बचत गटाच्या ताईलाच गाडी घ्यायची असेल तर 'आजीविका ग्रामीण एक्सप्रेस' ही केंद्राची २०१७ ची योजना आहे. गटाच्या संघामार्फत साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज. बचत गटांचं काम बघणाऱ्या 'उमेद' या सरकारी अभियानाच्या तालुका कक्षात चौकशी करा.

संस्था आणि कागद

करार करणारी संस्था नोंदणीकृत हवी, तिचं बँक खातं हवं. महिला ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या बचत गटांचा संघ, असेल तर तोच सर्वांत बरा. वसुली बायका करतात तिथे थकबाकी राहत नाही, हा माझा अनुभव. करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. त्यात ठरलेली रक्कम, चुकलेल्या फेरीची कपात, गाडी बिघडली तर पर्यायी गाडी, आणि डिझेल पाच रुपयांनी हललं तर रक्कम किती हलेल हे लिहाच. विम्यात जितक्या सीट आहेत तितकीच माणसं बसवायची. चालकाचा परवाना, फिटनेस, पीयूसी यांच्या तारखा एका कागदावर लिहून वसुलीच्या वहीला चिकटवा.

जुलै-ऑगस्टमध्ये दरड येते. तेव्हा गाडी कुठपर्यंत येईल आणि किती पैसे कापायचे, तेही जूनच्या आत ठरवा.

यादी जपून ठेवा

रोज कोण गेलं याची नोंद चालकाकडून करून घ्या, साध्या खुणांची. सहा-आठ महिने झाले की त्या नोंदी आणि जुन्या अर्जाची शिक्का मारलेली पोच घेऊन पुन्हा आगारात जा. आता भारमान तुमच्या हातात आहे. एका वाडीला अशीच सकाळची एसटी मिळाली. त्याच दिवशी आम्ही आमची सकाळची पहिली फेरी बंद केली. जीपवाला दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला दुपारची, दवाखान्याच्या वेळेची फेरी लावून दिली, आणि करारावर नवी सही घेतली.