केबल मोडेमचं नेट बंद पडलं? या चुका टाळा

नेट गेलं की पहिला हात जातो राउटरच्या मागच्या रिसेटच्या भोकाकडे. टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबलं की वायफायचं नाव, पासवर्ड, सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. बिघाड बाहेरून येणाऱ्या केबलमध्ये असेल, तर तो मात्र जिथल्या तिथेच राहतो. म्हणून आधी एवढंच शोधा: गडबड मोडेमपर्यंत येणाऱ्या केबलमध्ये आहे, की मोडेमच्या पुढे घरात?

मोडेमचा ‘ऑनलाइन’ दिवा सतत लुकलुकत असेल, तर राउटरला हात लावू नका. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाका. बहुतेक केबल मोडेमचं पान इथेच उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर (कंपनीकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद) साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या दरम्यान हवी, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) ३३ डीबीच्या वर. अपस्ट्रीम पॉवर (मोडेमकडून जाणाऱ्या सिग्नलची) ५० डीबीएमव्हीच्या आसपास पोचली असेल, तर मोडेमला आपला सिग्नल केबल कंपनीपर्यंत पोचवायला फार जोर लावावा लागतोय. लॉगमध्ये ‘टी३ टाइमआउट’च्या ओळी पुन्हा पुन्हा दिसल्या, तर मोडेमच्या हाकेला पलीकडून उत्तर मिळत नाहीये. या पानाचा फोटो मोडेम बंद करण्याआधी काढा, कारण चालू-बंद केल्यावर आकडे बदलतात आणि तक्रार करताना हातात पुरावा उरत नाही.

आकडे बिघडण्याचं कारण पुष्कळदा टीव्हीसाठी कधीकाळी लावलेला स्प्लिटर (एका केबलचे फाटे करणारा जोड) असतो. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे साडेतीन डीबी सिग्नल जातो, आणि तोही येताना-जाताना दोन्हीकडे. गरज नसेल तर काढून टाका. केबलची पिन सैल आहे का, तेही बघा. पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडात पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. पाऊस आला की नेट जात असेल तर पहिला संशय त्या जोडावर घ्या. तो जोड मात्र केबलवाल्याकडूनच बदलून घ्या.

दिवा स्थिर आहे, तरी नेट नाही? मग लॅपटॉप थेट मोडेमला जोडून पाहा. इथे एक चूक फार जण करतात: राउटरची तार काढून लॅपटॉपला लावतात, मोडेम रीस्टार्ट करत नाहीत आणि मोडेमच खराब ठरवून मोकळे होतात. बरेच मोडेम चालू झाल्यावर दिसलेलं पहिलं उपकरण लक्षात ठेवतात आणि दुसऱ्याला आयपी पत्ता मिळू देत नाहीत. नवा राउटर लावतानाही हेच होतं. मोडेमची वायर काढा (बॅटरी असेल तर तीही), मिनिटभर थांबा, आधी मोडेम सुरू करा, ‘ऑनलाइन’ दिवा स्थिर झाल्यावर राउटर. लॅपटॉपची फायरवॉल चालू ठेवा आणि चाचणी झाली की तो लगेच काढा.

कंपनीचा मोडेम स्वतःच राउटरही असेल आणि त्याचा व आपल्या राउटरचा, दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर दोघे एकमेकांच्या आड येतात. मोडेम ब्रिज मोडवर टाका (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद होतं), नाहीतर आपल्या राउटरचा पत्ता बदला.

वेग ९५ एमबीपीएसच्या आसपास अडकलाय? मोडेम ते राउटर ही तार बदला. आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एक तुटली, तरी गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) पोर्ट १००वर येऊ शकतो.