एसईओला हात घालण्याआधी हे सगळं हाताशी घेऊन बसा

साइट गुगलवर दिसतच नाही, काय करू, असं कोणी विचारलं की मी हल्ली आधी उलटा प्रश्न टाकतो, तुमचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? बहुतेक जण गप्प बसतात. मग हळूच म्हणतात, ते आमच्या साइटवाल्या मुलाकडे असेल बहुतेक. म्हणजे दुकान आपलं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, आणि तो दुसरा नोकरीला लागून नंबर बदलून बसला असेल तर बोलायलाच नको.

म्हणून एसईओची, म्हणजे साइट गुगलच्या शोधात वर यावी यासाठी करायच्या कामांची, तयारी इथून. एक साधी वही घ्या किंवा एक शीट उघडा आणि त्यात लिहा, डोमेन कुठून घेतलंय, लॉगिन काय, कोणाच्या नावावर, रिन्यू कधी आहे, पैसे ज्या कार्डवरून आपोआप कटतात ते कार्ड अजून चालू आहे का. रिन्यूची मेल कुठल्या पत्त्यावर येते तेही बघा, आणि तो पत्ता त्याच डोमेनवरचा असेल तर आजच बदला, कारण डोमेन बंद पडलं की मेलही बंद पडते आणि मग आठवण करून देणारी मेल येणार कुठे? मग होस्टिंगचं, म्हणजे साइटच्या फाइली जिथे ठेवल्यात त्या जागेचं, लॉगिन, साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर अ‍ॅडमिनचा युझर तुमच्या स्वतःच्या नावाचा, गुगल बिझनेस प्रोफाइल (नकाशात दिसणारी धंद्याची नोंद), सर्च कन्सोल (साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन), अ‍ॅनालिटिक्स (साइटवर किती लोक येतात ते मोजणारं), सोशल मीडियाची पानं. प्रत्येकात तुम्ही मालक म्हणून आहात का नुसते मॅनेजर, हे नक्की तपासा. बिझनेस प्रोफाइलमध्ये माणसं घालणं-काढणं फक्त मालकाला जमतं, मॅनेजरला नाही. आणि ओटीपी कोणाच्या फोनवर जातो ते पण लिहा, ही गोष्ट सगळे विसरतात.

किल्ल्या आल्या की बॅकअप. फाइली आणि डेटाबेस दोन्ही, आणि तो बॅकअप होस्टिंगवरच ठेवू नका, आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा.

मग आजची स्थिती टिपून ठेवायची, नाहीतर तीन महिन्यांनी सुधारणा झाली का नाही हे सांगणार कशाच्या जोरावर? सर्च कन्सोल फुकट आहे, लावलं नसेल तर आजच लावा, कारण साइट कोणीतरी त्यात जोडल्यापासूनच तिथे आकडे जमा व्हायला लागतात आणि जास्तीत जास्त १६ महिन्यांपर्यंतचेच दिसतात. जोडताना डोमेन प्रॉपर्टी निवडा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं, त्याच्याशिवायचं, एचटीटीपी, एचटीटीपीएस सगळं एकाच ठिकाणी येतं. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींमध्ये, एक ओळ घालावी लागते आणि डीएनएस बहुतेकदा डोमेनच्या लॉगिनमागे असतं, म्हणून किल्ल्या पहिल्या. साइट आधीपासून जोडलेली असेल तर गेल्या तीन महिन्यांतले शोध, क्लिक, इम्प्रेशन (शोधात किती वेळा दिसलो) शीटमध्ये उतरवून घ्या आणि वर तारीख टाका. अ‍ॅनालिटिक्सचा कोड जुना यूए (युनिव्हर्सल अॅनालिटिक्स) वाला असेल तर त्याने १ जुलै २०२३ पासून काही मोजणं बंद केलंय, तरी कितीतरी साइटवर तो तसाच पडलेला असतो आणि मालकाला वाटतं सगळं मोजलं जातंय.

पुढचं काम पाच मिनिटांचं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गुगलला दार उघडं आहे का ते बघा. माझ्या एका मित्राचा पंप दुरुस्तीचा धंदा आहे, त्याने साइट नवी करून घेतली, दिसायला एकदम झकास, आणि महिना-दीड महिन्यात फोन येणं जवळजवळ थांबलं. तो म्हणाला सीझन नाहीये. मी शेजारी बसून सर्च कन्सोल उघडलं, पेज इंडेक्सिंगचा, म्हणजे गुगलने कुठली पानं आपल्या यादीत घेतलीत त्याचा, रिपोर्ट काढला, तर सगळी पानं नोइंडेक्स टॅगमुळे, म्हणजे यादीत घेऊ नका या सूचनेमुळे, वगळलेली! वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून एक पान आहे, त्यात सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये अशा अर्थाचा एक चेकबॉक्स असतो. नवी साइट बनत असताना ज्याने बनवली त्याने तो टिक केला होता, ते बरोबरच होतं, अर्धवट साइट कशाला दाखवायची, पण साइट लाइव्ह करताना काढायला विसरला. एका टिकेपायी दीड महिना गेला. मित्र बराच वेळ त्या टिकेकडे बघत बसला होता, बोलला काहीच नाही.

तर तो चेकबॉक्स बघा. साइटच्या पत्त्यापुढे रोबोट्स डॉट टीएक्सटी टाकून ती फाइल उघडा, गुगलच्या यंत्राने कुठली पानं वाचू नयेत ते तिथे लिहिलेलं असतं, त्यात सगळ्यांसाठी डिसअलाउ आणि पुढे नुसता एक तिरका दांडा असेल तर पूर्ण साइट बंद आहे. रोबोट्सने पान अडवलं म्हणजे ते गुगलमधून निघून जातं असं नाही बरं का, उलट अडवल्यामुळे गुगलला आतला नोइंडेक्स दिसतच नाही, म्हणून दोन्ही एकदम वापरून गोंधळ घालू नका. मग सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये आपली मुख्य चार-पाच पानं एकेक करून टाकून बघा, इंडेक्स झालीत का. साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची फाइल, तिथेच सबमिट करा. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपली दहा-वीस पानं असतात, त्यामुळे त्यावर डोकं खपवू नका. आणि साइट नव्याने बनवणार असाल तर जुन्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी आधीच काढून ठेवा, कुठलं जुनं पान कुठल्या नव्या पानावर जाणार ते समोर लिहा आणि ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं, लावायला सांगा. सगळी जुनी पानं होमपेजवर वळवून मोकळं होऊ नका. गुगल म्हणतं रीडायरेक्ट किमान एक वर्ष तरी ठेवा, मी म्हणतो काढूच नका, ते तुमच्याकडे खायला थोडंच मागतात.

आता शब्द. इथे मात्र वेळ घालवा. मित्राच्या साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सर्वसमावेशक पंपिंग सोल्युशन्स. मी त्याला एक वही दिली आणि सांगितलं, दोन आठवडे फोन आला की समोरचा पहिलं वाक्य काय बोलतो ते जसंच्या तसं लिही, सुधारून लिहू नकोस. दोन आठवड्यांनी वहीत काय होतं, पंप चालू होतो पण पाणी चढत नाही. मोटर गुणगुणते, फिरत नाही. आधी येत होतं आता बारीक धार येते. पंप दर दोन मिनिटांनी आपोआप चालू-बंद होतोय. सोल्युशन हा शब्द एकानेही उच्चारला नव्हता! लोक फोनवर जे बोलतात तेच गुगलमध्ये टाइप करतात, आणि साइटवर मात्र आपण कोट-टाय घालून उभे.

मग त्यातल्या पहिल्या वाक्याचं एक स्वतंत्र पान केलं, टायटल (गुगलमध्ये दिसणारं पानाचं नाव) तेच, मथळा तोच, आणि आत त्याने स्वतः बोलून सांगितलेलं मी टाइप केलं. पंपात पाणी भरून हवा काढलीय का बघा, सक्शन पाइपच्या जॉइंटमधून हवा ओढतोय का बघा, पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळतोय किंवा कचऱ्याने अडकलाय का बघा, पाण्याची पातळीच खाली गेली नाहीये ना ते बघा, आणि एवढं करून नाही झालं तर फोन करा. त्याला आधी भीती वाटली की सगळं फुकट सांगितलं तर फोन कोण करेल. अरे बाबा, फूट व्हॉल्व्ह काढायचा म्हटल्यावर निम्मे लोक तुलाच बोलावणार.

तर ही वही तुमच्याही तयारीत हवी. सोबत सर्च कन्सोलमधले शोध बघा, ज्यावर इम्प्रेशन भरपूर पण क्लिक नाही असे शब्द वेगळे काढा. प्रत्येक मुख्य सेवेचं एक पान, प्रत्येक पानाचं टायटल वेगळं, सगळीकडे नुसतं होम किंवा कंपनीचं नाव नको. मेटा कीवर्डच्या, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहायच्या शब्दांच्या, मागे लागू नका, ते आपण रँकिंगसाठी वापरत नाही असं गुगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. मेटा डिस्क्रिप्शन (शोधात टायटलखाली दिसणारं वर्णन) लिहा, त्याने नंबर वर जात नाही पण माणूस क्लिक करतो, जरी गुगल बरेचदा स्वतःच्या मनाने दुसरंच वाक्य उचलून दाखवतं. आणि एकच मजकूर घेऊन फक्त गावाचं नाव बदलून पन्नास पानं काढायची आयडिया कोणी दिली तर हात जोडा. तशी पानं गुगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरतात, आणि मार्च २०२४ पासून ढिगाने पाडलेल्या मजकुराबद्दल वेगळा नियमच आलाय, मग तो माणसाने पाडलेला असो की एआयने.

बिझनेस प्रोफाइल, ज्याला २०२१ च्या शेवटापर्यंत माय बिझनेस म्हणायचे, त्यासाठी धंद्याचं नाव, पत्ता, फोन एकदाच नीट लिहून घ्या आणि तेच सगळीकडे कॉपी करा, साइटवर, प्रोफाइलवर, सोशलवर, बिंगवर, अ‍ॅपलच्या नकाशावर. जुना नंबर कुठे राहिलाय का ते शोधायला आपलाच जुना नंबर गुगलमध्ये टाकून बघा, गंमत वाटेल. नाव पाटीवर आहे तेवढंच, त्यात स्वस्त, बेस्ट, चोवीस तास असली शेपूट जोडली तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. ग्राहक तुमच्याकडे येत नसतील, तुम्हीच त्यांच्याकडे जात असाल, तर पत्ता लपवून सेवेचा परिसर टाका. व्हेरिफिकेशनला हल्ली बरेचदा व्हिडिओ मागतात, तेव्हा पाटी, रस्ता, आतली हत्यारं, कुलूप उघडताना तुम्ही, हे एका दमात शूट करता येईल अशी तयारी ठेवा. प्रोफाइलवर फुकट मिळणारी छोटी साइट वापरत होतात तर ती मार्च २०२४ मध्ये बंद झालीय, कार्डावर अजून तीच लिंक छापलेली नाही ना बघा. नकाशात आपण कितवे येतो तो नंबर शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक यांवर ठरतो, त्यातल्या अंतराचं तुम्ही काही करू शकत नाही, आणि पैसे देऊन तो वर नेता येत नाही.

रिव्ह्यूची लिंक तयार ठेवा, काम झालं की त्याच दिवशी पाठवा. सूट देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही, खुश गिऱ्हाइकांनाच तेवढी लिंक पाठवणंही नाही. वाईट रिव्ह्यूला उत्तर लिहिताना आधी चहा प्या, मग लिहा.

फोटो आणि स्पीड पटकन सांगतो. फोटो स्वतःचे, खऱ्या कामाचे. फोनमधून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, आकार कमी करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाका, ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोला जोडलेल्या वर्णनात, फोटोत काय आहे ते सरळ लिहा. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका, मुख्य भाग २.५ सेकंदात दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदात हालचाल व्हावी, पान उड्या मारू नये, एवढं बघा, शंभरपैकी शंभर मिळवायचा नाद नको. गुगल साइटची मोबाइलवरचीच आवृत्ती धरतं, म्हणून वायफाय बंद करून स्वतःच्या फोनवर साइट उघडा आणि नंबरवर बोट ठेवा. फोन लागतो का? नंबर चित्रात टाकलेला असेल तर नाही लागणार. एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होतंय का विचारून घ्या, जुलै २०१८ पासून क्रोम एचटीटीपी साइटवर सुरक्षित नाही असा शिक्का मारतं.

पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी, असे फोन येतील. गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, तेव्हा गॅरंटीवाल्याला तिथेच थांबवा. हजार बॅकलिंक (दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) विकत देणाऱ्यालाही. त्याऐवजी ज्यांचा माल तुम्ही विकता किंवा बसवता त्यांच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, त्यात तुमचं नाव आणि लिंक आहे का हे एक फोन करून विचारा, फुकटचं आणि खरं काम.

शेवटचं, वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायच्या. कुठल्या दिवशी काय बदललं, एवढंच. टायटल बदललं, पान वाढवलं, फोटो हलके केले. एका दिवशी सगळं बदलू नका, कशामुळे काय झालं कळत नाही. काही बदल काही तासांत दिसतात, काहींना महिने लागतात, त्यामुळे रोज सकाळी स्वतःचंच नाव गुगल करून बीपी वाढवून घेऊ नका. आणि प्रत्येक नव्या फोनवाल्याला विचारा, नंबर कुठून मिळाला. मित्राच्या वहीत परवा या रकान्यात लिहिलेलं होतं, पाणी चढत नाही असं टाकलं होतं, तिथून.